प्रयोगशाळेतील सुरक्षा: विद्यार्थ्याची सवय की मार्गदर्शकाची जबाबदारी?

मूळ मत (पीएच.डी. विद्यार्थिनी, रसायनशास्त्र)
लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात २९ डिसेंबर २००८ रोजी २३ वर्षांची एक संशोधन साहाय्यिका टर्शरी-ब्यूटाइललिथियम सिरिंजमध्ये ओढून घेत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला आणि हवा लागताच पेटणाऱ्या त्या द्रवामुळे तिच्या कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. अंगात लॅब कोट नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. "तिने कोट घालायला हवा होता" असे म्हणून हा विषय मिटवणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या प्रयोगशाळेत कोट वापरला जात नसल्याची नोंद दोन महिने आधीच्या तपासणीत झाली होती आणि तरीही काम तसेच चालू राहिले. विद्यार्थी नियमांच्या तक्त्यावरून शिकत नाहीत, मार्गदर्शक काय खपवून घेतात त्यावरून शिकतात. म्हणून जबाबदारी प्रथम मार्गदर्शकाची आहे.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)
असहमत. टेक्सास टेक विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये स्फोटक संयुग एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त करायचे नाही, असे ठरलेले असताना विद्यार्थ्यांनी सुमारे १० ग्रॅम बनवले. त्यांतील एकाने खलातले गोळे फोडताना गॉगल लावला होता. काम झाले असे समजून तो काढला आणि पुन्हा एकदा ढवळायला परतला, तेव्हा स्फोट झाला. त्याची तीन बोटे गेली, डोळ्याला इजा झाली. त्या क्षणी कोणता मार्गदर्शक शेजारी उभा राहणार होता? पदव्युत्तर विद्यार्थी सज्ञान असतो, त्याला बालवाडीसारखे सांभाळण्यात त्याचाही अपमान आहे.

मूळ लेखिका
सर, त्याच अपघाताच्या चौकशीत असेही आढळले की ती मर्यादा तोंडी होती, कुठेही लिहिलेली नव्हती, आणि त्या गटात आधी घडलेल्या घटनांतून कोणी धडा घेतला नव्हता. विद्यार्थी चुकला हे मला मान्य आहे. पण ती चूक घडायला वाट मोकळी कोणी ठेवली, याचे उत्तर विद्यार्थ्याकडे नाही.

प्रतिसाद (प्रयोगशाळा सहायक)
सर, ताई, आपल्याकडच्या महाविद्यालयांतले चित्र मी रोज पाहतो. उरलेले नायट्रिक आम्ल ॲसिटोनच्या टाकाऊ बाटलीत ओतून वर बूच घट्ट लावलेले मी पाहिले आहे. अशी बाटली वायूच्या दाबाने फुटते. ओतणारा नवखा होता आणि बाटलीवर चिठ्ठी नव्हती. मी हटकले तर एम.एस्सी.चा विद्यार्थीही "तुम्ही सहायक आहात" या नजरेने बघतो, आणि सरांकडे जावे तर प्रबंधाची घाई असते. धोका ज्याला आधी दिसतो, त्याला प्रयोग थांबवण्याचा अधिकार नाही. तो द्या, मग जबाबदारी कोणाची हे ठरवा.

प्रतिसाद (निवृत्त प्राध्यापक)
लेखी मर्यादेचा मुद्दा मला मान्य आहे आणि सहायकांना थांबवण्याचा अधिकार असावा, हेही मान्य आहे. मात्र सगळा भार मार्गदर्शकावर टाकल्यास तो उद्या स्वतःच्या बचावासाठी प्रत्येकाची सही घेऊन रजिस्टर भरेल आणि गॉगल कपाळावरच राहतील, ही माझी भीती अजून कायम आहे.

मूळ लेखिका
सर, ती भीती रास्त आहे. तरीही मार्गदर्शक स्वतः गॉगल लावून आत येतात, त्या प्रयोगशाळेत तो कपाळावर राहिलेला मी पाहिलेला नाही.