स्प्लेंडर: कार्बोरेटर काढून परत बसवला, आता रेस खालीच येत नाही

पम्या_वाई
नमस्कार मंडळी. बाबांची १९९७ ची स्प्लेंडर आहे. दोन वर्षं गोठ्याला टेकून उभी होती, टाकीत निम्मं पेट्रोल तसंच. चोक ओढला की सुरू व्हायची, चोक सोडला की बंद. कार्बोरेटर भरलाय असं गल्लीतल्या एकाने सांगितलं, म्हणून रविवारी स्वतःच हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा.

कॉक बंद केला, पेट्रोलची नळी काढली, फिल्टरच्या रबरी पाइपची क्लिप सैल केली, दहाच्या पान्याने दोन बोल्ट काढले. वरचं झाकण हाताने फिरवलं तर केबलला लटकलेला पिस्टन, स्प्रिंग, सुई, सगळं बाहेर. खालचा कप उघडला तर तळाशी चिकट पिवळा थर. बारका जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक असलेला पितळी तुकडा, उजेडाकडे धरला, भोकच दिसेना. क्लीनर मारून, सायकलच्या पंपाने हवा मारून आरपार केला. इथवर मी स्वतःवर खूश.

बसवलं. पहिल्याच किकला सुरू झाली आणि जी ओरडायला लागली! एक्सलेटर सोडलेला, तरी रेस तशीच. गाय दावं तोडायच्या बेतात. चावी बंद केली तेव्हा थांबली. शिवाय खालच्या नळीतून पेट्रोल थेंब थेंब गळतंय. बाबा काही बोलले नाहीत, नुसते बघत होते. ते जास्त लागलं. चुकलं कुठे?

आण्णा_इचलकरंजी
भावा, आता किक मारू नको. चावी बंद ठेवून एक्सलेटर पूर्ण पिळ आणि सोड. आत 'टक्' असा आवाज येतो का? येत नसेल तर पिस्टन उलटा बसलाय. नव्या पोरांकडून हेच होतं, माझ्याकडूनही झालंय, आणि ते गिऱ्हाइकासमोर.

पिस्टनला एका बाजूला उभी खाच आहे, ती बॉडीतल्या बारक्या पिनवर बसली पाहिजे. दुसरी खूण म्हणजे पिस्टनच्या खालच्या कडेला जो तिरका काप आहे, तो एअर फिल्टरकडे. उलटा घातला की पिस्टन पूर्ण खाली उतरतच नाही, मग इंजिनला रेस धरून ठेवल्यासारखंच. झाकण आवळायच्या आधी हाताने वरखाली करून बघायचं. स्प्रिंग जोर लावते म्हणून घाईत झाकण दाबू नको, आटेही चुकीचे धरतात.

दुसरं, कार्बोरेटर आणि इंजिनच्या मध्ये जो काळा ठोकळा आहे तो इंजिनची उष्णता अडवायला असतो. त्याच्याजवळची ओ-रिंग बघ. चपटी झाली असेल तर तिथून हवा ओढते आणि स्लो स्पीड कधीच जागेवर राहत नाही. रिंग दहा-वीस रुपयांची, बदलून टाक. बोल्ट एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळ. जोर लावलास तर फ्लँज, म्हणजे बोल्ट बसतात ती कड, वाकतो आणि तो सरळ होत नाही.

आणि बाजूचा हवेचा स्क्रू काढला होतास का? काढण्याआधी फेरे मोजलेस?

दर्यावर्दी_मालवण
पेट्रोलचं मी सांगतो. कपात पेट्रोलवर तरंगतो तो फ्लोट, त्याची पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नसणार. बरेचदा कचराच असतो. कपाच्या बाजूला स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक कर, कधी तेवढ्यावर थांबतं. नाही थांबलं तर परत उघड. जेटमध्ये तार घालू नकोस हां, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते. आम्ही तंगूस वापरतो, मासेमारीचा नायलॉनचा दोरा.

आणि टाकीतलं जुनं पेट्रोल काढलंस ना? ते तसंच असेल तर चार दिवसांत परत तेच.

बुलेटप्रेमी
एवढं कशाला? नवीन कार्बोरेटर टाक आणि मोकळा हो.

आण्णा_इचलकरंजी
नको. बाजारात बिनब्रँडचे मिळतात त्यांचे जेट कुठल्या गाडीचे असतात देव जाणे. सत्त्याण्णवचं मूळ कास्टिंग आहे, ते जपायचं.

पम्या_वाई
आण्णा, 'टक्' येत नव्हता! पिस्टन उलटाच होता. फिरवला, खाच पिनवर बसली आणि आपल्या वजनाने खाली गेला. ओ-रिंग पार भाकरीसारखी चपटी, नवी आणली. फ्लोटच्या सुईखाली निळा धागा सापडला, माझ्याच पुसायच्या फडक्याचा. जुनं पेट्रोल ओतून काढलं, तळाशी गंज होता, टाकी दोनदा धुतली.

हवेच्या स्क्रूचे फेरे नव्हते मोजले. हळूच पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला, मग इंजिन तापल्यावर कानाने जुळवला. आता स्लोला शांत उभी राहते. किक बाबांनीच मारली. थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "चोक सोड आता."

एकच शंका. टेबलावर एक वॉशर उरलाय.

आण्णा_इचलकरंजी
फायबरचा की पितळेचा? फोटो टाक. तोवर पसरणी घाटात नेऊ नको.