१० मीटरसाठी खात्रीची एअर रायफल कोणती? आधीचीने जेरीस आणलंय

परळ_टीटी

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी घेतलेली स्प्रिंगवाली ब्रेक-बॅरल (नळी वाकवून स्प्रिंग ताणायची) आहे, ४.५ मिमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खोक्यावर ठळक अक्षरात "१००० फूट प्रति सेकंद". टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर रायफल घट्ट टेकवून १० मीटरवर पाच छर्रे मारले तर ग्रुप (भोकांचा पसारा) ३० ते ३५ मिमी, म्हणजे कार्डावरचा अख्खा काळा गोल. त्यावर ३-९ बाय ४० चा स्कोप आहे. झिरो करावा (नेम आणि छर्रा एका जागी जुळवावा), वीस-पंचवीस शॉट नीट जावेत आणि मग सगळं वर उजवीकडे सरकावं, हे दर वेळचं. दुकानात विचारलं की एकच उत्तर: "हात बसला की होईल."

आता ती काढून दुसरी घ्यायची आहे. बजेट २५ हजार, फार ताणलं तर ४०. काम फक्त कागदावरचं, पुढेमागे ओपन साइट (उघडी खाच) किंवा पीप साइटच्या (बारीक भोकातून बघायच्या) स्पर्धेत उतरायचं. परत स्प्रिंगर घ्यावी की पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी)? आणि घेताना काय तपासायचं, म्हणजे पुन्हा फसायला होणार नाही?

दहा_पॉइंट_नऊ

काढायच्या आधी तिची नीट तपासणी करा. दोष रायफलचा किती, छर्र्याचा किती आणि धरण्याचा किती हे कळलं नाही, तर नवी आणून पुन्हा इथेच याल.

पहिली चूक तुमच्या वर्णनातच आहे: पिशवीवर घट्ट टेकवणं. स्प्रिंगरमध्ये पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला आदळला की पुढे झटका खाते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच सुरू होतं. म्हणून रायफल दर वेळी सारखीच हलू द्यावी लागते. पिशवीवर आपला हात ठेवा, उघड्या तळव्यावर पुढचा लाकडी भाग नुसता टेकू द्या, बोटं मिटू नका. खांद्यालाही हलकीच लावा. तळव्याची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा, कारण ती दोन इंच पुढेमागे झाली तरी ग्रुप दुसरीकडे जातो.

मग स्क्रू. पुढच्या भागाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि ट्रिगर गार्डचा पुढचा, हे तिन्ही स्प्रिंगरच्या धक्क्याने सैल होतातच. काढा, तेल पुसा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणारा डिंक) एक थेंब लावून परत बसवा. घट्ट करताना लाकूड दबेपर्यंत आवळू नका.

तिसरं, बिजागरी. रायफल कॉक न करता (स्प्रिंग न ताणता), नळी रिकामी असल्याची खात्री करून, ती बंद स्थितीत पकडा आणि डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. किंचितही खेळ लागला तर बिजागरीचा बोल्ट सैल आहे किंवा भोक झिजलंय. मागची साइट नळीवर असते तिथे एकवेळ निभावतं, पण स्कोप बसतो रिसीव्हरवर आणि छर्रा जातो नळीतून. दोघांची दिशा दर वेळी वेगळी झाली की झिरो टिकणार कुठून?

ब्रीच सील (नळीच्या मागच्या तोंडाची हवाबंद कडी) तपासायला टिश्यूची बोटभर पट्टी घ्या, नळी आणि रिसीव्हरच्या सांध्यावर ठेवा आणि छर्रा भरून शॉट मारा. पट्टी उडाली किंवा फडफडली तर हवा तिथून गळते. सील दोन-पाचशे रुपयांत मिळतं. रिकामी मात्र मारू नका, हवेची उशी नसल्याने पिस्टन थेट धातूवर आदळतो.

नळीच्या तोंडाची कड बघायला कानातली कापसाची काडी आतल्या कडेवरून हळू फिरवा. कापसाचा तंतू एखाद्या जागी अडकला तर तिथे बर (धातूची बारीक उभी कड) आहे, आणि छर्रा बाहेर पडताना त्याच बाजूने हवेचा धक्का खातो.

शेवटी स्कोप पूर्ण काढा आणि ओपन साइटवर पाच-पाचचे तीन ग्रुप मारा. साध्या स्कोपची आतली रचना एकाच दिशेचा धक्का सोसायला केलेली असते, स्प्रिंगरचा दुहेरी धक्का तिला मोडतो. शिवाय १०० यार्डांवर पॅरलॅक्स बसवलेल्या स्कोपमध्ये १० मीटरवर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून घसरतं.

छर्रा_डबी

छर्र्यांबद्दल एक भर घालते, कारण तीस मिमीतले बरेच मिमी तिथेच असतात. डबीतले वीस छर्रे काचेवर उभे करून त्यांचा मागचा पोकळ घेर बघा. चेपलेला घेर डोळ्यांना दिसतो. मग एकेक बोटाने नळीत बसवा. एक सहज सरकतो, दुसऱ्याला दाबावं लागतं, अशी डबी १० मीटरला उपयोगाची नाही. कागदासाठी सपाट डोक्याचे घ्या, भोक स्वच्छ गोल पडतं. टोकदार घेऊ नका. आरडब्ल्यूएस आर१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच यांच्या एका डबीत ५०० असतात. महाग वाटतील, पण चाचणीला तेच वापरा, म्हणजे दोष छर्र्याचा की नळीचा हे एका दुपारी कळेल. डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० असा डबीवर छापलेला असतो, त्यातला कोणता तुमच्या नळीला रुचतो हे मारूनच बघावं लागतं.

परळ_टीटी

सगळं करून पाहिलं, आकडे देतो. पुढचा डावा स्क्रू जवळजवळ अर्धा फेरा सैल होता. टिश्यू उडाली, सील बदललं. तळव्यावर धरून, स्कोप काढून, फिनाले मॅचचे पाच मारले: तीन ग्रुप १९, १६ आणि १८ मिमी. स्कोप चढवला की परत २८. बिजागरी आवळूनही नळीला बाजूचा खेळ राहतोच, कान लावला तर टिक् असा आवाज येतो.

दहा_पॉइंट_नऊ

मग निदान झालं: स्कोप गेला आणि बिजागरीचं भोक झिजलं. पहिलं बदलता येतं, दुसऱ्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. काढायची तर काढा, पण घेणाऱ्याला दोष सांगून.

आता नवी. आधी मनातून ते १००० फूट काढून टाका. १००० फूट म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा मॅच छर्रा या वेगाने सुटला तर साडेचोवीस ज्यूल भरतात, आणि परवान्याशिवायच्या रायफलीची मर्यादा २० ची. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा मानला तरी तो अगदी हलक्या छर्र्याचा. जागतिक दर्जाच्या मॅच रायफली १७० मीटरच्या आसपास मारतात, साडेसात ज्यूलच्या आसपास. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक सुवर्ण मिळवलं ते याच १० मीटरवर. जोरकस स्प्रिंग म्हणजे जास्त धक्का, जास्त थकवा आणि लवकर सैल होणारे स्क्रू. कागदाला त्यातलं काहीच लागत नाही.

लागतो तो एकसारखेपणा. १७० ने जाणारा छर्रा १० मीटरला पोचेपर्यंत साधारण १८ मिमी खाली येतो. वेग ५ मीटरने कमी पडला तर आणखी एक मिमी. कार्डावर १० चा ठिपका अर्ध्या मिमीचा असतो, छर्रा साडेचारचा. छर्र्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिमीत पडला की कड ठिपक्याला लागते आणि १० मिळतात. म्हणून रायफलचा स्वतःचा ग्रुप, भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, ५ मिमीच्या आत असेल तर पुढचा हिशोब नेमबाजाचा. मोजताना बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. तुमचे १६ असे मोजले असतील तर खरे साडेअकरा धरा.

तुमच्या बजेटमध्ये मी या क्रमाने जाईन:

पहिली पसंती स्थिर नळीची. अंडरलिव्हर किंवा साइडलिव्हर, म्हणजे कॉक करायला नळी मोडावी लागत नाही आणि बिजागरीचा प्रश्नच मिटतो. जुनी सिंगल-स्ट्रोक न्यूमॅटिक मॅच रायफल, उदाहरणार्थ फाइनवेर्कबाऊची ६०० च्या मालिकेतली, चांगल्या अवस्थेत मिळाली तर विचार करायला वेळ लावू नका. एका लिव्हरच्या फेऱ्यात हवा भरते, धक्का जवळपास नाही, सिलिंडर नाही. फक्त सील कधी बदललं आणि पुढे कोण बदलून देईल ते विचारा.

दुसरी, साधी पीसीपी. ठाणे जिल्ह्यातली प्रीसीहोल स्प्रिंगर आणि पीसीपी दोन्ही बनवते. सुटे भाग आणि दुरुस्ती ट्रेनच्या अंतरावर असणं ही मुंबईकराला मोठी सोय आहे. पण पीसीपी घेतली की हवेचा खर्च वेगळा मांडा: हातपंप किंवा भरून आणायचा सिलिंडर, दोन्ही बजेटच्या बाहेर जाऊ शकतात.

तिसरी, कमी ताकदीची ब्रेक-बॅरल. वायराउखची एचडब्ल्यू ३० एस ही त्यातली नमुनेदार, तिचा रेकॉर्ड ट्रिगर अशा किमतीत विरळा. ब्रेक-बॅरल वाईट असते असं नाही, ढिली ब्रेक-बॅरल वाईट असते.

स्पर्धा मनात असेल तर स्कोपवर एक रुपया घालू नका. आंतरराष्ट्रीय नियमांत १० मीटरला दुर्बीण चालत नाही, वजनाची मर्यादा साडेपाच किलो. ते पैसे मागच्या पीप साइटवर घाला आणि पुढच्या साइटच्या रिंगा दोन-तीन मापांच्या घ्या. रिंग आणि काळा गोल यांच्यामध्ये पांढरी कडा स्पष्ट दिसायला हवी. फार लहान रिंग घेतली की कडा नाहीशी होते आणि डोळा फसतो.

नियम_बघा_आधी

खरेदीबद्दल. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. पॉइंट टू-टूला (५.५ मिमी) किंवा २० च्या वर परवाना लागतो. अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडूनच घ्या, ओळखपत्राची प्रत द्या आणि क्रमांक लिहिलेलं बिल जपून ठेवा. जुनी घेतानाही मूळ बिल मागा. लोकलमधून नेताना रिकामी, बंद बॅगेत, बिल सोबत.

आणि सोसायटीच्या गच्चीवर नको. २० ज्यूलचा छर्रा चुकला तर समोरच्या बिल्डिंगची काच आणि काचेमागचं माणूस, दोघांना धोका. पक्ष्यांवर मारणं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली थेट गुन्हा. घरात लांब पॅसेज असेल तर छर्रे अडवायला पोलादी पत्रा तिरका बसवलेली पेटी लागते, मागे पक्की भिंत आणि मधल्या सगळ्या दारांना आतून कडी. शिशाची धूळ पडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसा, झाडू मारू नका, आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

रेंजवर जाणं सगळ्यात बरं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, पनवेलच्या बाजूला ऑलिंपिक नेमबाज सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. घ्यायच्या आधी तिथे कोणाची तरी पीसीपी दहा मिनिटं हातात घेऊन बघता आली तर ऐकीव माहितीपेक्षा कैक पटीने कळेल.

परळ_टीटी

स्थिर नळीचं पटलं. एक जुनी मॅच पीसीपी ४० च्या आत सांगतायत, सोबत एक सिलिंडर. घ्यायच्या आधी काय बघू?

छर्रा_डबी

सिलिंडरवरची तारीख, दादा, सगळ्यात आधी. महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. बहुतेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला असेल तर नव्याची किंमत विचारून ती रायफलच्या किमतीत धरा, ४० चे किती होतात ते बघा. विकणारा "माझा कधी फुटला नाही" म्हणेल, त्यावर जाऊ नका. २०० बारची हवा तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर असते.

मग गळती. प्रेशर गेज रात्री वाचून फोटो काढायला सांगा, २४ तासांनी परत. तेवढ्याच तापमानाला काटा तसाच हवा. खाली आला असेल तर सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. ओ-रिंग असेल तर स्वस्तात सुटतं, व्हॉल्व्ह असेल तर नाही.

तिसरं रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला सारखाच दाब देणारा भाग. क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर दहा शॉटचा वेग लिहून घ्या, अर्धा तास थांबा, पुन्हा एक मारा. विश्रांतीनंतरचा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक वेगळा आला तर रेग्युलेटर हवा धरून ठेवत नाही. अशा रायफलीचा मालिकेतला पहिला शॉट नेहमी वेगळ्या जागी पडतो आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

हातपंपाने भरणार असाल तर पावसाळ्यात विशेष सांभाळा. आपल्या जुलैच्या हवेतलं पाणी पंपातून आत जातं आणि व्हॉल्व्ह गंजवतं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर हवा. शिवाय ५० दट्टे मारले की पाच-दहा मिनिटं थांबा, पंप गरम झाला की त्याचे सील जातात. कोरड्या हवेचा सिलिंडर रेंजवर भरून मिळाला तर तोच वापरा.

दहा_पॉइंट_नऊ

तारीख, गळती आणि रेग्युलेटर ठीक असेल तर एक शेवटची चाचणी. स्वतःची डबी घेऊन जा, पिशवीवर ठेवून पाच-पाचचे तीन ग्रुप मारा. पीसीपीला पिशवीवर घट्ट टेकवलं तरी चालतं. तिन्ही ५ मिमीच्या आत आले तर पैसे द्या. एक जरी १० ला गेला तर आधी त्यांच्यासमोर नळीत दोन कोरडे फेल्टचे तुकडे मागच्या बाजूने ढकला आणि परत मारा, कारण नळी महिनोन्‌महिने साफ केलेली नसते. तरीही जमलं नाही तर उठून या.

आणि घरी आणल्यावर फोमच्या बॅगेत ठेवून देऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत फोम ओल धरून ठेवतो, नळीवर तपकिरी ठिपके तिथूनच सुरू होतात. कपाटात उभी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्या दाण्यांच्या असतील तर गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरा. हात लागलेला धातू दर वेळी तेलाच्या फडक्याने पुसायचा. घाम पडलेल्या बोटांचे ठसे दोन दिवसांत गंजतात. नळीच्या आत मात्र तेल नको.