मदत हवी आहे : ब्रायटनच्या राजवाड्यातल्या संगीतदालनासाठी काल्पनिक पाइप ऑर्गन

नमस्कार मंडळी,

मी पेटी वाजवतो, आणि सध्या ग्रँडऑर्ग या मोफत सॉफ्टवेअरवर एक पाइप ऑर्गन रचतो आहे. वाद्य काल्पनिक असलं तरी जागा खरी आहे: इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनचं संगीतदालन. पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांच्या खाटा याच दालनात लागल्या होत्या. ते फोटो पाहिले तेव्हापासून ही जागा डोक्यातून जात नाही.

वास्तुकार जॉन नॅशने 1815 ते 1822 या काळात इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जसाठी या राजवाड्याचा कायापालट केला. दालनात 1818 साली लिंकन या इंग्रज ऑर्गन-कारागिराने बांधलेला ऑर्गन होता. 1850 मध्ये व्हिक्टोरिया राणीने राजवाडा ब्रायटन शहराला विकला आणि तो ऑर्गन पुढे बकिंगहॅम पॅलेसच्या बॉलरूममध्ये गेला. आजही तिथेच आहे. मला त्याची नक्कल करायची नाही. त्याच काळातल्या इंग्रज कारागिराला मोकळा हात मिळाला असता तर त्याने काय बांधलं असतं, ते ऐकायचं आहे.

दालन साधारण 42 फूट चौरस, वर सोनेरी शिंपल्यांचा घुमट. उत्तरेच्या कोनाड्यात सुमारे 20 फूट रुंद आणि 10 फूट खोल जागा मिळते. 16 फुटी उघडी नळी तिथे कशीबशी उभी राहील, पण पुढचं सगळं झाकून टाकेल. म्हणून खर्जासाठी तोंड बंद केलेल्या लाकडी नळ्या घ्याव्यात असं वाटतं: निम्म्या लांबीत तोच स्वर मिळतो, शिवाय आवाज मऊ. त्या काळच्या इंग्रज ऑर्गनांत पायपट्ट्या नसत, किंवा असल्या तर हातपट्ट्यांनाच जोडलेल्या असत. दीड सप्तक पायपट्ट्या आणि त्यांना ही एकच रांग, एवढं त्या काळाला धरून होईल का?

खरा पेच सुरावटीचा, म्हणजे सप्तकातले स्वर कसे लावायचे याचा आहे. तेव्हाचे इंग्रज ऑर्गन मीनटोन या जुन्या पद्धतीने लावत. त्यात गांधार शुद्ध लागतो. पेटीचा चढा गांधार वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटतं, काय सांगू! पण जॉर्जच्या पदरी मोठा बँड होता, तोही मुख्यतः सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्यांचा. 1823 च्या डिसेंबरात इटालियन संगीतकार रोसिनी इथे आला तेव्हा याच बँडने त्याचं संगीत वाजवलं. क्लॅरिनेट आणि हॉर्न या मंडळींना काळी दोनचा षड्ज फार सोयीचा, आणि काळी दोनचा मध्यम म्हणजे काळी चार. मीनटोनमध्ये काळी चार ही पांढरी तीनचा गांधार म्हणून लावलेली असते. तिच्यावरून मेजर कॉर्ड (षड्ज, गांधार, पंचम एकत्र) धरली की तिचा गांधार सुमारे 41 सेंट (सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा आणि पंचम 36 सेंट चढा लागतो. कानाला अक्षरशः ओरखडा येतो. म्हणजे बँडला साथ करायची तर हा ऑर्गन पहिल्याच गतीत अडणार.

काळी चार मधोमध आणून दोन्हीकडे थोडी तडजोड करावी, की अख्खी सुरावट सौम्य करावी? मुख्य पट्ट्यांना नळ्यांच्या या रांगा (स्टॉप) : ओपन डायपेसन, स्टॉप्ड डायपेसन, प्रिन्सिपल, ट्वेल्फ्थ, फिफ्टीन्थ, सेस्क्विआल्टेरा आणि ट्रम्पेट घेतले आहेत. सेस्क्विआल्टेरा म्हणजे एका पट्टीवर अनेक नळ्या एकत्र वाजवणारी मिश्र रांग; तिच्यात तृतीयेची (गांधाराची) नळी मुळातच शुद्ध असते, त्यामुळे सुरावट बदलली की तीच आधी भांडायला लागते. माझा कल पहिल्या उपायाकडे आहे, कारण बाकीचे शुद्ध गांधार सोडवत नाहीत. ज्यांनी चर्चमध्ये किंवा संगणकावर अशी सुरावट लावून पाहिली आहे त्यांनी कृपया सेंटमध्ये आकडे द्यावेत.

आणखी एक. गालिचा आणि जड पडदे असलेल्या दालनात घुमारा किती सेकंदांचा धरावा? चर्चचा घुमारा लावला की सगळं खोटं वाटतं. गोव्यातल्या किंवा परदेशातल्या कुणी अशा राजवाड्यातलं ध्वनिमुद्रण केलं असेल, तर त्यातली एखादी नुसती टाळीसुद्धा मला पुरेल.