मदत हवी आहे : बालकाच्या आकस्मिक मृत्यूनंतरची जनुकीय तपासणी

सांगली जिल्ह्यातील आमच्या नात्यातला तीन वर्षांचा निरोगी मुलगा झोपेतच दगावला; शवविच्छेदन, व्हिसेराचे रासायनिक विश्लेषण आणि ऊतींची सूक्ष्मदर्शकीय तपासणी होऊनही कारण निष्पन्न झालेले नाही. ताप, आकडी किंवा कुटुंबातील अकाली मृत्यू असा इतिहास नाही. आईवडील व धाकट्या बहिणीचे ईसीजी आणि इको निर्दोष आहेत, मात्र सीपीव्हीटीसारख्या (श्रमाने किंवा ताणाने हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडवणाऱ्या आनुवंशिक) विकारात विश्रांतीच्या वेळचा ईसीजी सहसा निर्दोषच येतो आणि ट्रेडमिल चाचणीसाठी बहीण फारच लहान आहे. रक्त गोठवून ठेवलेले नाही. डीएनए तुटण्याचा धोका असलेले, फॉर्मलिनमधून काढलेल्या ऊतींचे पॅराफिन ब्लॉकच (मेणात बसवलेले तुकडे) काय ते उपलब्ध आहेत. पुण्या-मुंबईस जाण्याची तयारी आहे. अशा ब्लॉकवरून आरवायआर२, केसीएनक्यू१ या हृदयाच्या लयीशी संबंधित जनुकांची तपासणी कोणती प्रयोगशाळा स्वीकारते, की आधी आईवडिलांचीच करावी?