घर तयार नसेल तर डिस्चार्ज रोखावा का?

धागाकर्ता (फिजिओथेरपिस्ट):
मणक्याच्या इजेचा रुग्ण. ताप नाही, टाके भरले, की लगेच डिस्चार्ज. गावातल्या घराचं माप कोणी विचारत नाही. जोतं ३० सेंमी उंच असेल तर १:१२ उताराने ३.६ मीटर लांब रॅम्प लागतो. व्हीलचेअरसाठी दरवाजा ८० सेंमी तरी मोकळा हवा. माझं स्पष्ट मत: घराची मापं हातात आल्याशिवाय आणि काळजी घेणाऱ्याने वॉर्डात सलग २४ तास सगळं स्वतः करून दाखवल्याशिवाय घरी पाठवू नये.

वॉर्ड सिस्टर:
असहमत. मुक्काम लांबला की संसर्गाची भीती वाढते, स्नायूंची ताकद जाते, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते. दरवाजा रुंद होईपर्यंत माणूस पुढच्या खोलीत राहू शकतो, कमोड खुर्ची वापरू शकतो. अडतं ते कॅथेटरपाशी, म्हणजे लघवी काढायच्या नळीपाशी. दर ४ ते ६ तासांनी नळी घालायची आणि एका वेळी ५०० मिलीपेक्षा जास्त लघवी साचू द्यायची नाही, म्हणजे दिवसाला साधारण ५ वेळा. एकदा वापरून टाकायच्या नळ्या असतील तर महिन्याला १५० लागतात. आपण १० देतो! मग तीच नळी पुन्हापुन्हा वापरली जाते, नाहीतर वेळा चुकवल्या जातात. साहित्य आणि नळीचा नंबर (जाडी) लिहून द्या, मग खुशाल पाठवा.

धागाकर्ता:
दरवाज्याचं मान्य, तो मुद्दा मागे घेतो. २४ तासांची अट मात्र सोडणार नाही. "समजलं ना?" विचारलं की सगळेच मान डोलावतात. दाबाने जखम होऊ नये म्हणून कूस दर २ तासांनी बदलायची हे तोंडपाठ असतं, पण रात्री दोनला कोण उठणार हे ठरलेलं नसतं. लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर त्या जागेवर भार बंद. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतं का ते पाहावं लागतं. हे कागदावरून शिकता येत नाही.

गावपातळीवरील आरोग्य कर्मचारी:
दोघंही वॉर्डातूनच बोलताय. टी-६ (छातीच्या भागातला सहावा मणका) किंवा त्यावरच्या इजेत ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाचा, म्हणजे रक्तदाब अचानक धोकादायक वाढण्याचा, धोका असतो: अचानक ठणकणारं डोकं, इजेच्या वरच्या भागाला घाम, वरचा रक्तदाब नेहमीपेक्षा २० ते ४० ने जास्त. या रुग्णांचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० आला तरी जवळच्या दवाखान्यात "ठीक आहे" म्हणून परत पाठवतात. उपाय साधा आहे. ताठ बसवा, कपडे सैल करा, कॅथेटरची नळी दुमडली आहे का बघा, मग शौच साचलंय का. तरीही दाब उतरला नाही तर तातडीने रुग्णालय. रुग्णाच्या नेहमीच्या रक्तदाबासह हे एका पानावर, घरच्या भाषेत लिहून द्या. डिस्चार्ज समरी आमच्यापर्यंत पोचतच नाही. ४८ तासांनी फोन कोण करणार, त्याचं नावही त्याच पानावर हवं.

वॉर्ड सिस्टर:
पानाला पूर्ण पाठिंबा. २४ तासांची अट घालायचीच तर दोन माणसांना शिकवा. एकच माणूस रोज रात्री दर २ तासांनी उठला तर तोच आजारी पडेल.

व्हीलचेअर वापरणारा वाचक:
इतके प्रतिसाद झाले, पण रुग्णाला शिकवा असं एकानेही लिहिलं नाही. हात चालत नसले तरी कूस कधी बदलायची, नळी कशी घालायची, हे तो सांगून करवून घेऊ शकतो. परीक्षा घ्यायचीच तर आधी त्याची घ्या. आणि अपंगांच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्र करारात, कलम २५ मध्ये, आरोग्यसेवा ग्रामीण भागातही शक्य तितक्या घराजवळ मिळावी असं म्हटलं आहे. डिस्चार्ज रोखून ती घराजवळ येणार नाही.