ड्यू पॉइंट ठीक, तरी व्हॉल्व्ह अडकतो
ड्रायरवर (हवा सुकवणाऱ्या यंत्रावर) ड्यू पॉइंट, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला साकळते तो, उणे ४० अंश दिसतोय म्हणजे इन्स्ट्रुमेंट एअर (व्हॉल्व्ह आणि उपकरणं चालवणारी दाबाखालची हवा) स्वच्छ, असं बरेचदा म्हटलं जातं; ते अर्धंच पटतं. तो आकडा फक्त ओलाव्याचा. ड्रायरमधल्या डेसिकंटचे (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचे, उदा. अॅल्युमिना) दाणे घासून पूड होते, ड्रायरपुढचा आफ्टरफिल्टर फाटला की ती हेडरमध्ये (हवा वाटणाऱ्या मुख्य पाइपमध्ये) जाते आणि आय-टू-पी कन्व्हर्टरचं (विजेच्या सिग्नलचं हवेच्या दाबात रूपांतर करणाऱ्या उपकरणाचं) बारीक नॉझल बुजवते. तेल आलं तर आणखी वाईट: सोलेनॉइडमधलं (व्हॉल्व्हची हवा सोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या झडपेतलं) ईपीडीएम नावाचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि हवा तुटल्यावर बंद व्हायलाच हवा तो व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. एकाच हेडरवर अनेक व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे ते एकदमच बिघडू शकतात, खरी भीती ती आहे. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या १९७९ च्या अपघाताची सुरुवातही इन्स्ट्रुमेंट एअरमध्ये पाणी शिरण्यापासून झाली असं मानलं जातं. पुढे ऑगस्ट १९८८ मध्ये अमेरिकेच्या एनआरसीने (अणुऊर्जा नियामक आयोगाने) अणुवीज केंद्रांना जेनेरिक लेटर ८८-१४ हे पत्र काढून हवेचा दर्जा प्रत्यक्ष चाचणीने पडताळायला लावला.

नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या कारखान्यांतही हे लागू आहे, पावसाळ्यात तर नक्कीच. नमुना ड्रायरपाशी नको, हेडरच्या शेवटच्या टोकाला घ्या. आधी ड्रेन सोडा, मग तिथला व्हॉल्व्ह किंचित उघडून हवेपुढे कापड धरा: पांढऱ्यावर तेल आणि गंज दिसतो, अॅल्युमिनाची पूड मात्र काळ्यावरच. ड्यू पॉइंट मोजताना नायलॉनची नळी टाळा, तिच्यातून बाहेरचा दमटपणा आत झिरपतो, स्टेनलेसची वापरा.