वनहक्क दाव्यांच्या कामातून परदेशातील जमीन-हक्कांच्या क्षेत्रात जाण्याविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मी भूगोलात एम.ए. केले असून गेली पाच वर्षे नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात एका स्वयंसेवी संस्थेतर्फे वैयक्तिक वनहक्क दाव्यांचे, म्हणजे वनजमीन कसणाऱ्या कुटुंबांनी त्या जमिनीवर हक्क मिळावा म्हणून केलेल्या दाव्यांचे, काम करते. ग्रामसभेच्या वनहक्क समितीबरोबर जीपीएस घेऊन शेताच्या बांधाबांधाने फिरणे, क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीवर नकाशा तयार करणे आणि दावा उपविभागीय समितीकडे जाण्याआधी पुरावे नीट जोडणे, हे माझे रोजचे काम आहे. जमीन १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असल्याचे दाखवायचे असते, आणि त्यासाठी वनखात्याने कधीकाळी अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्याच बहुतेक वेळा कामी येतात.

या पावत्यांवर नाव मात्र पुरुषाचे असते. वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा असला, तरी नवरा वारल्यानंतर भावकीने जमिनीवर हक्क सांगितला की बाईच्या हाती कागद उरत नाही. अशा एका दाव्यात गावातील वृद्धांचे जबाब लिहून घेऊन आम्ही ते पुरावा म्हणून जोडले. या कायद्याखालील नियम १३ मध्ये तशी तरतूद आहे. पुढे वाचनात आले की मोझांबिकच्या १९९७ च्या जमीन कायद्यातही तोंडी साक्ष ग्राह्य धरली जाते. तेव्हापासून हेच काम इतर देशांत कसे चालते, ते जवळून पाहावे आणि जमल्यास त्यात उतरावे, असे तीव्रतेने वाटते.

माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एक म्हणजे नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाच्या आयटीसी या भू-माहितीशास्त्र विभागात भूमी-प्रशासनाचे उच्च शिक्षण घेणे. दुसरी म्हणजे येथेच राहून तीन वर्षांचे एलएल.बी. करणे. नकाशाचे काम मला येते, पण दावे अडतात ते बहुधा कायद्याच्या मुद्द्यावर, म्हणून मन दुसऱ्या वाटेकडे अधिक झुकते. मात्र भारतीय कायद्याची पदवी टांझानियात किंवा मोझांबिकमध्ये कितपत उपयोगी पडेल, याचा अंदाज येत नाही.

याहून मोठी शंका भाषेची आहे. मला पावरी ही इथल्या पावरा आदिवासींची भाषा बोलता येते, आणि म्हणूनच एखादी बाई चुलीपाशी बसून सासरच्या जमिनीची खरी हकीकत मला सांगते. जिथली भाषा येत नाही तिथे दुभाष्यामार्फत हे काम करता येते का, की बाहेरून गेलेल्या माणसाला अखेर राजधानीतील कार्यालयात बसून अहवालच लिहावे लागतात? मोझांबिकसाठी पोर्तुगीज शिकण्याची माझी तयारी आहे, पण गावात पोर्तुगीजही पुरत नसावी.

जाणकारांपैकी कोणी संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, त्यांचीच वस्त्यांविषयीची संस्था यूएन-हॅबिटॅट किंवा जमीन-हक्कांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत काम केले असल्यास, पहिली नेमणूक कोणत्या पदावर झाली, तेव्हा कोणती पदवी व कोणता अनुभव विचारात घेतला गेला, आणि प्रत्यक्ष गावात महिन्यातले किती दिवस जात, हे कृपया सविस्तर लिहावे. याशिवाय ब्रिटनमधील पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा असाही विचार आहे. परत आल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची तिची अट मला अडचणीची वाटत नाही, कारण धडगावातील प्रलंबित दावे मला तसेच सोडायचे नाहीत.